पर्जन्यमापकातील साखरेबाबत

एक: दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी साडेआठ वाजता, माझ्या अंगणात विनापरवाना प्रवेश. आकाश निरभ्र. प्रवेशाचे कारण, पाऊस मोजणे. जबाबदार इसम: जगन्नाथ राऊत, राहणार झाई.

दोन: नाताळच्या दिवशी, त्याच वेळी, त्याच अंगणात, पर्जन्यमापकावर झुकलेल्या माझ्या चिकूच्या फांदीकडे बोट करून "ही तोडावी लागेल" असे उद्गार. आकाश निरभ्र. जबाबदार: तोच.

तीन: संक्रांतीला, तिळगूळ घेऊन पुढे आलेला माझा हात डावलून आधी मोजणी, मग गोड बोलणे. आकाश, सांगायला नको, निरभ्र. जबाबदार: तोच, आणि त्याला आजवर अटकाव न करणारी समस्त झाई, जिच्यात मीही आलो.

ही केवळ एका हिवाळ्यातली उदाहरणे झाली. असे अकरा हिवाळे मी सोसले आहेत. पावसाळ्यात पाऊस कोणीही मोजेल. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, चिटपाखरू भिजणार नाही अशा दिवसांत, सात घरांच्या अंगणांत मांडलेली सात भांडी रोज सकाळी उघडून, आत वाकून पाहून, वहीत "शून्य" असे लिहिणारा मनुष्य डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत एकच आहे, आणि तो माझा शेजारी आहे.

"जगूभाई, दिसतंय ना कोरडं आहे ते?" मी पहिल्याच आठवड्यात विचारले होते.

"दिसणं वेगळं, सावेसाहेब, नोंद वेगळी. तुम्ही कोर्टात होता. तुम्हाला मी काय सांगू?"

मी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून हयात घालवली. नोंदीची महती मला पटवण्याची गरज नव्हती. त्यामुळे मी त्यांना अंगणात येऊ दिले, आणि येऊ दिल्याचा राग मला अजून आहे.

जगूभाई घाटावरच्या एका हवामान संशोधन संस्थेत नोकरीला होते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. बदनामीचे कलम मला तोंडपाठ आहे. तेथे ते शास्त्रज्ञ नव्हते. साऱ्या पृथ्वीच्या हवेचे गणित संगणकात मांडतात, त्याला मॉडेल म्हणतात. ते मॉडेल जी वादळे निर्माण करी, त्यांचे नकाशे काढून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवणे हे जगूभाईंचे काम. निवृत्तीनंतर ते वडिलांच्या वाडीत येऊन राहिले. घरात ते एकटे, आणि चिकूची झाडे. येताना त्यांनी त्या संस्थेतून एकही वस्तू आणली नाही. एक प्रश्न मात्र आणला.

तो प्रश्न असा. पृथ्वीच्या मधल्या अक्षांशांवर थंडीत मोठमोठी वादळे पश्चिमेकडून पूर्वेकडे जात असतात. आपल्या पावसाळी वादळांशी त्यांचा संबंध नाही. जात वेगळी, हंगाम वेगळा. ती युरोपच्या अंगाने निघतात, इराण ओलांडतात आणि हिमालयावर जाऊन आपटतात. त्यांचे शेपूट एखाद्या वर्षी आपल्याकडे वळते. मग माघात आभाळ भरते, आंब्याचा मोहोर काळा पडतो, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील कुजतात आणि लोक "अवकाळी, अवकाळी" म्हणत कपाळाला हात लावतात. जगूभाई कपाळाला हात लावीत नाहीत. ते विचारतात, "मॉडेलातल्या वादळाला हे शेपूट आहे का? आणि असलं तर ते झाईपर्यंत पोचतं का?"

"म्हणजे तुमची मॉडेले खोटी बोलतात?" मी विचारले.

"छे छे! खोटी नाही. वरात कुठल्या रस्त्यानं जाणार ते मॉडेल बरोबर सांगतं. एखादी गल्ली इकडेतिकडे. बँड मात्र खऱ्यापेक्षा हळू वाजवतं, म्हणजे जोर कमी दाखवतं. आणि वरातीच्या मागे रेंगाळणारी चार माणसं कुणाच्या दारात जाऊन पाणी मागतील, ते त्याला नाही सांगता येत. आपण ती मागची चार माणसं."

झाईची अशी संभावना त्यापूर्वी कोणी केली नव्हती. पण याहून गंभीर गुन्हा पुढेच होता.

"आता जुन्या मॉडेलात," ते सहज म्हणाले, "तुमचं घर समुद्रात होतं."

"कोणाच्या हुकमाने?"

"मॉडेल पृथ्वीच्या चौकटी पाडतं ना. डहाणू, तलासरी, थोडा गुजरात आणि बाकी पाणी, सगळं एका चौकटीत. निम्म्याच्या वर पाणी आलं की चौकट समुद्राची."

"माझ्या नावावर सातबारा आहे!"

"तो मॉडेलला कोणी दाखवला नाही ना."

मी त्याच दुपारी संस्थेला नोटीस लिहिली. विषय: मौजे झाई येथील निर्विवाद मालकीची जमीन बेकायदेशीररीत्या समुद्रात दाखविल्याबाबत. जगूभाईंनी ती दोनदा वाचली, भाषेची तारीफ केली आणि एक दुरुस्ती सुचवली. "नुसतं स्वतःचं घर नका घालू, स्वार्थी दिसतं. गंजाडच्या पलीकडचा महालक्ष्मीचा डोंगरही त्यांनी सपाट केलाय. चौकटीची सरासरी उंची घेतली की डोंगर जातो."

"देवीचा डोंगर?"

"हिमालयसुद्धा थोडा घासला जातो. मग वादळं भलत्या वाटेनं जाणार नाहीत तर काय?"

नोटिशीत देवी आली, हिमालय आला, आणि मग जगूभाईंनीच ती माझ्या हातून काढून घेतली. "नका पाठवू. माझे जुने साहेब आहेत ते. वाईट वाटेल त्यांना." पुढे दोन वर्षांनी एका सकाळी मोजणी झाल्यावर ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन. आता चौकटी लहान झाल्यात. नव्या मॉडेलात तुम्ही किनाऱ्यावर आलात." मी त्यांना चहा विचारला नाही.

अशी मॉडेले जगभर पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे म्हणणे निराळे, हे कळल्यावर माझ्यातला न्यायालयीन कर्मचारी जागा झाला. इतके साक्षीदार असतील तर खरा कोणता? जगूभाई म्हणाले, कोणताच नाही. सगळ्यांची सरासरी घ्यायची, ती एकेकट्यापेक्षा बरी निघते.

"सरासरी? एक साक्षीदार म्हणतो खून सकाळी झाला, दुसरा म्हणतो संध्याकाळी झाला, म्हणून न्यायाधीशाने तो दुपारी झाला असे धरायचे?"

"दहा साक्षीदार असतील आणि जो तो आपापल्या परीनं चुकत असेल, तर दुपार वाईट नाही."

"आणि सगळेच एका बाजूला चुकत असतील तर?"

तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. "तर सरासरीही चुकली. म्हणून तर भांडी मांडली, सावेसाहेब. साक्षीदार कितीही असू देत, पंचनामा लागतोच." गेले वर्षभर तर 'दुसरा साक्षीदार हवा' म्हणून माझ्या अंगणातला आकडा ते मलाच मोठ्याने वाचायला लावीत.

त्यांची दोन वचने गावात म्हणीसारखी झाली आहेत. पहिले, "मागचं सांगा!" जो मॉडेलवाला पुढल्या पन्नास वर्षांचे सांगतो, त्याने आधी मागच्या पन्नास वर्षांचे बरोबर सांगून दाखवावे, असा संस्थेचा दंडक होता म्हणे. जगूभाईंनी तो दंडक सगळ्या सृष्टीला लावला. तलासरीच्या एसटी स्टँडावर मी स्वतः त्यांच्या मागे रांगेत उभा होतो.

"डहाणू गाडी किती वाजता येणार?"

"साडेनऊ," खिडकीतले गृहस्थ म्हणाले.

"मागचं सांगा. काल किती वाजता आली?"

"काल आलीच नाय."

"परवा?"

"परवा मी रजेवर होतो. ओ काका, तुम्हाला जायचंय की चौकशी समिती बसवायचीय?"

"मग साडेनऊ कशावरून म्हणता?"

रांगेतून एक जण ओरडला, "काका, रिक्षा करा!" आणि आम्ही रिक्षाने गेलो.

माझ्या भाचीला पाहायला आलेल्या मुलालाही त्यांनी सोडले नाही. पुढे काय करायचा विचार आहे, असे सगळे विचारीत होते. जगूभाईंनी विचारले, "गेल्या मंगळवारी काय केलंत?" मुलगा आईकडे पाहू लागला. आई म्हणाली, "झोपलेला. सुट्टी होती." जगूभाई मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "तारीख नका विचारू, स्वभाव विचारा. कळला स्वभाव."

हे त्यांचे दुसरे वचन. हवामानाच्या मॉडेलला अमुक शुक्रवारी पाऊस पडेल का, असे विचारायचेच नसते. तीस हिवाळ्यांत वादळाचे शेपूट किती वेळा आले, किती जोराने आले, एवढेच विचारायचे. त्यासाठी कोरडे दिवसही नोंदवावे लागतात, अखंड, एकही न गाळता. माझ्यासारख्या तारखांवर जगलेल्या माणसाला हे ऐकून चक्कर आली. तारखेशिवाय खटला उभा राहत नाही.

असे चालले असता यंदाच्या माघात जगूभाईंच्या एका डोळ्यावर वापीला शस्त्रक्रिया झाली. वाकायचे नाही, धूळ लागू द्यायची नाही, दहा दिवस घरात बसायचे. परतल्यावर पट्टी बांधलेल्या डोळ्याने ते माझ्या ओट्यावर आले.

"सावेसाहेब, दहा दिवस मोजणी तुम्ही करा. तुमच्याइतका कडक माणूस गावात नाही."

मी म्हणालो की लेखी मुखत्यारपत्राशिवाय मी दुसऱ्याच्या वतीने पाऊससुद्धा मोजत नाही. त्यांनी ते लिहून दिले. अक्षरे एकमेकांवर चढली होती; पट्टीमुळे असेल असे मी समजलो.

पहिल्या सकाळी मी मोजपात्र घेऊन निघालो. माझ्या अंगणात शून्य. पुढचे घर जमनाबायचे. ती एकटी राहते. मुलगे बोटीवर, महिनोन्‌महिने बाहेर. मी भांड्याच्या आतली बाटली काढली, पात्रात ओतली आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

"जमनाबाय, यात चार मिलिमीटर पाणी आहे."

"हां."

"पण पाऊस पडलेला नाही."

"कुठून पडंल? बोंबील बघा की कसं खडखडीत वाळलंय."

"मग हे पाणी कोणी टाकले?"

"मी टाकलं. दुसरं कोण टाकंल?"

कबुली इतकी सरळ आली की मनात तयार केलेले उलटतपासणीचे सगळे प्रश्न वाया गेले. मी एवढेच म्हणू शकलो, "का?"

"का म्हंजे काय? भांडं त्यांचं हाय ना? शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देतात काय? तुमच्यात देतात?" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आधी चमचाभर साखर घालत होते. तर जगूभाई बोलले, बाय, मुंग्या होतात, बाटली चिकटते. मंग पाणी घालते. रोज माणूस एवढं चालत येतो, भांडं उघडतो, आत काय नाय. बरं दिसतं काय?"

मी पुरावा जप्त करून पुढे निघालो. वाडीच्या टोकाला लाडक्यादादा राहतात. वारली, वयाने माझ्याहून मोठे, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. त्यांच्या भांड्यात तीन मिलिमीटर पाणी आणि तांदळाचे दोन दाणे होते.

"लाडक्यादादा, हे तांदूळ?"

"नुसतं पाणी कसं द्यायचं? बरं नाय."

"हे पाऊस मोजायचे यंत्र आहे!"

"असंल. पर भांडंच हाय ना?" ते विडी विझवीत म्हणाले. "तुमी काय टाकता, साहेब?"

"मी? काही नाही."

"रिकामं देता?"

"अर्थात!"

लाडक्यादादांनी माझ्याकडे जसे पाहिले, तसे आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाकडेही मी कधी पाहिले नव्हते. "असू द्या," ते हळूच म्हणाले. "तुमी एकटा माणूस, घरात बाई नाय. चालायचंच."

सातांपैकी सहा भांड्यांत घरचे पाणी निघाले. एकात तुळशीचे पान होते. ज्या पंचनाम्याच्या जोरावर जगभरच्या मॉडेलांची साक्ष तपासायची, तो पंचनामा अकरा वर्षे शेजारधर्माने भिजलेला होता! मी तसाच जगूभाईंच्या घरी गेलो आणि दारातूनच गरजलो, "तुमचा पुरावा नासला! सहा घरांनी हस्तक्षेप केला आहे!"

ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. "आज जमनाबायनं किती घातलं?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"साखरेच्या वेळेपासून. फळीवरची वही काढा."

वहीत प्रत्येक घरापुढे दोन रकाने होते. एकावर लिहिले होते "आकाशाचे", दुसऱ्यावर "घरचे".

"आणि खरा पाऊस पडतो त्या दिवशी? तेव्हा कोणते कोणाचे, हे कसे ओळखता?"

"पावसाच्या दिवशी कोण कशाला पाणी घालेल? भांडं रिकामं नसतंच ना तेव्हा. नोंद शुद्ध आहे, सावेसाहेब, काळजी नको. शिवाय तुमचं घर आहे. तुमचं भांडं मी प्रमाण धरलंय. अकरा वर्षांत आकाशाखेरीज एक थेंब नाही. एकदम विश्वासार्ह."

माझ्या सचोटीची प्रशंसा न्यायाधीशांनी केली आहे, भर न्यायालयात केली आहे. ती ऐकून मान खाली घालावीशी वाटल्याचे मला आठवत नाही. मी घाईने विषय बदलला. एका चौकटीला एक भांडे पुरेसे असताना सात कशाला, असे विचारले.

"मोजायला एक पुरे," ते म्हणाले. "पण एकाच घरी रोज जाऊन बसलं तर कंटाळतील हो लोक. सात घरी थोडं थोडं गेलं की कोणाला जड होत नाही."

मी वही मिटली. मिटताना त्यांनी ती माझ्या हातून चाचपडत घेतली, आणि तेव्हा मी विचारले की पट्टी नसलेल्या डोळ्याचे काय.

"काचबिंदू आहे. दोन्हीत. गेलेली नजर येत नाही म्हणाले डॉक्टर, उरलेली जमेल तितके दिवस राखू." ते हसले. "मॉडेलसारखंच झालंय. मधलं थोडं दिसतं, तेही धूसर, कडा गेल्या. गेलं वर्षभर पात्रावरच्या रेघा दिसत नाहीत. म्हणून तर तुम्हाला रोज मोठ्यानं आकडा वाचायला लावत होतो. दुसरा साक्षीदार हवा, ही थाप होती. माफ करा." बाकीच्या घरी हाच आकडा ते कोणाकडून ना कोणाकडून वाचून घेत होते. जमनाबाय बोटाने दाखवी.

मग त्यांनी काम सांगितले. हिवाळ्याची नोंद दर वर्षी फाल्गुनात ते संस्थेला पाठवीत. यंदा पत्र मी लिहावे. नमुना म्हणून त्यांनी फाइल दिली. तीत दहा पत्रांच्या नकला होत्या, वर्षाला एक. मजकूर नम्र, नोंद सोबत, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य: "आपल्या मॉडेलांतील वादळाचे शेपूट झाईपर्यंत पोचते काय, आणि ही नोंद आपल्या कामी येते काय, हे कळवावे. घाई नाही."

"उत्तरे कोठे लावली आहेत?"

"उत्तरं नाहीत."

"दहा पत्रांना एकही नाही? निदान पोच?"

"साध्या टपालानं पाठवली होती."

"साध्या टपालाने!" मी किंचाळलो. समोरच्या चिकूवरचे पक्षी उडाले. अकरा वर्षे ज्या माणसाने माझ्या अंगणात घुसून माझे रक्त आटवले, त्याच्यासाठी एवढे रक्त उसळेल असे मला वाटले नव्हते.

"कामात असतील हो ते," जगूभाई म्हणाले. "लिहा तुम्ही."

फाल्गुनात त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. यंदा कार्तिकापासून आकाशाचे सर्वत्र शून्य, एक दिवस सोडून. त्या दिवशी पहाटे शिंतोडे आले होते. शेवटचे वाक्यही मला आता पाठ झाले होते, म्हणून मी त्यांच्या आधीच लिहू लागलो. ते थांबवीत म्हणाले, "ते 'घाई नाही' यंदा नको."

पत्र रजिस्टर टपालाने, पोचपावतीसह, रवाना झाले आहे. पोचपावती आली आहे. तीवर संस्थेचा शिक्का आहे, सबब पत्र मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. उत्तर आलेले नाही. म्हणून मी हे सारे वाचकांसमोर मांडले आणि आता त्या संस्थेस जाहीरपणे विचारतो. तुमच्या मॉडेलांतली हिवाळी वादळे आमच्या किनाऱ्याशी कशी वागतात? खऱ्यापेक्षा मवाळ वागतात की वाटेतच संपतात? जगन्नाथ राऊत यांच्या अकरा हिवाळ्यांचा त्या तपासणीत उपयोग आहे की नाही? "आहे" म्हणा, "नाही" म्हणा, "पुरेसे नाही" म्हणा. तेवढे ऐकण्याची त्यांची तयारी आहे, हे मी त्यांच्या वतीने, रीतसर मुखत्यारपत्राच्या आधारे सांगतो. उत्तर मला नको. ते त्यांच्या नावे पाठवावे आणि प्रत झाई ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी, म्हणजे ते सात अंगणांत वाचले जाईल. मुदत मी घालत नाही. ती डॉक्टरांनी घातली आहे. पत्र त्यांना स्वतःला वाचायचे आहे, म्हणून अक्षर मोठे काढावे.